बँक स्वॉलो खरंच 98 टक्के घटल्या?

भटकी_मैना: ऑन्टारिओत राहते. जूनमधे लेक एरीच्या मातीच्या कड्यावर गेलो तर बँक स्वॉलोची (आपल्या भिंगरीची मातकट बहीण) बिळंच बिळं, पिल्लं तोंडं बाहेर काढून बसलेली. आणि वाचते तर काय, कॅनडात 1970 पासून 98 टक्के कमी झाल्या म्हणे! मोजतात तरी कसं?

कट्टेकरी: ब्रीडिंग बर्ड सर्व्हे, 1966 पासून चालू आहे. साधारण 39 किमीचा ठरलेला रूट, 50 थांबे, प्रत्येक ठिकाणी 3 मिनिटं, दिसलं-ऐकलं ते लिहायचं, सुरुवात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. दरवर्षी तोच रूट म्हणून ट्रेंड कळतो.

भटकी_मैना: पण रस्त्यावरून कडा दिसतच नाही ना!

चिखलपाय: बरोबर पकडलंस. वसाहत करणारा पक्षी, एका थांब्यावर शून्य नाहीतर दोनशे, त्यात कडा ढासळला की वसाहत दुसरीकडे, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे धरायचा, पण घसरण खरीच आहे, 2013 ला कोसेविकने (कॅनडात कुठली प्रजाती धोक्यात आहे ते ठरवणारी तज्ज्ञ समिती) थ्रेटन्ड, म्हणजे धोक्यातली ठरवली ती उगाच नाही. हवेतले किडे खाणारे बरेच पक्षी घटलेत, वर किनाऱ्याला दगडी भिंती घालतात, मग बिळं पाडायला कडाच उरत नाही. बार्न स्वॉलो ही दुसरी भिंगरी मात्र 2011 ला थ्रेटन्ड होती ती 2021 ला स्पेशल कन्सर्नवर (त्याहून एक पायरी कमी धोका) आली, घट मंदावली म्हणून.

कट्टेकरी: आमच्याकडचा खडीच्या खाणीवाला चालू ढिगाची बाजू तिरकी ठेवतो, उभी दिसली की बाईसाहेब बिळं पाडायला हजर, मग पिल्लं उडेपर्यंत ढिगाला हात लावायची सोय नाही.

भटकी_मैना: 😄 पुढच्या जूनला मोजूनच येते.