‘रेंजची भीती मनात असते’ म्हणणाऱ्यांनी एकदा गणपतीत कोकणात गाडी न्यावी

खंबाटकी:
काल इथे एका काकांनी लिहिलं की ईव्हीच्या रेंजची भीती, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी चार्ज संपून वाटेत बंद पडेल ही भीती, हा निव्वळ मनाचा खेळ आहे, दोन वर्षांत त्यांना एकदाही टो व्हॅन बोलवावी लागली नाही, आणि जे अजून पेट्रोल भरतात त्यांना साधा हिशेब येत नाही. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी स्वतः ईव्हीवाला आहे. तीन वर्षं झाली, ५२ हजार किमी झाले. गाडी कुठली ते लिहीत नाही, नाहीतर पुढचे चाळीस प्रतिसाद ब्रँडवरच जातील. बॅटरी चाळीस युनिटच्या आसपास, कागदावर रेंज चारशेच्या वर. मला मिळते ती अशी: पुण्यात पावसाळ्यात २९०, मे महिन्यात एसी लावून २६०, हायवेला १०० ने चालवली तर २३०, आणि ११०-११५ ला गेलो की दोनशे. हे वहीत लिहून ठेवलेले आकडे आहेत, १०० टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंतचे.

गेल्या गणपतीत गुहागरकडे गावी गेलो. साधारण २८० किमी. चार माणसं, सामान, मागच्या सीटवर आई, वय ७४, शुगरची पेशंट. अ‍ॅपवर चार्जर ‘उपलब्ध’ दिसत होता म्हणून कराडच्या अलीकडे थांबलो तर दोनपैकी एक गन (गाडीला लावायचा प्लग) बंद आणि आमच्यापुढे तीन गाड्या. २ तास ४० मिनिटं. आईची जेवणाची वेळ टळली, डब्यातली अर्धी पोळी गाडीतच खायला लावली. रात्री घरी पोचलो, सॉकेटला चार्जर लावला तर लाल दिवा, गाडी चार्जच घेईना. दुसऱ्या दिवशी सकाळी चिपळूणला जाऊन पुन्हा रांग. ही भीती मनातली नाही हो, माझी आई त्या रांगेत बसली होती.

गाडी विकणार नाही, शहरात मला तिच्याइतकी आवडलेली दुसरी गाडी नाही. पण ज्याच्या घरी स्वतःचा चार्जिंग पॉइंट नाही त्याला ‘घे रे, काही होत नाही’ सांगणं बंद करा.

पंपाला_रामराम:
मीच तो काका. तुमच्या आईंना त्रास झाला त्याचं वाईट वाटलं, ते आधी.

पण तुम्ही निघालात कधी? गणपतीच्या आदल्या दिवशी! त्या दिवशी पेट्रोलवालेसुद्धा मुंबई-गोवा हायवेवर बारा-बारा तास अडकलेले असतात, तेव्हा पेट्रोल गाडी फसवी असं कोणी म्हणत नाही. मी रोज ४० किमी चालवतो, रात्री लावतो, सकाळी काढतो. वर्षातल्या दोन दिवसांसाठी ३६३ दिवसांचा फायदा सोडायचा? माझा खर्च किलोमीटरला एक रुपयासुद्धा नाही, वर एक्स्प्रेसवेला टोल माफ. ह्यात न समजण्यासारखं काय आहे?

खंबाटकी:
टोलमाफी अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी एवढ्यावर आहे काका. खेड शिवापूरला आणि आनेवाडीला मी पूर्ण भरतो. आणि आदल्या दिवशी नाही, तीन दिवस आधी निघालो होतो, पहाटे पाचला. न विचारता ठरवून टाकायची ही सवयच मला खटकते.

रोलरटेस्ट:
कागदावरच्या आकड्याबद्दल लिहितो, कारण दर वेळी ‘एआरएआय (गाड्यांची चाचणी करणारी पुण्याची संस्था) खोटं बोलते’ असं कोणीतरी म्हणतंच. कोथरूडच्या टेकडीवर बसून कोणी आकडे रचत नाही. चाचणी रोलरवर ठरलेल्या चक्राने होते, त्या चक्रात वेग ९० च्या वर जातच नाही, बराचसा वेळ शहरी थांबत-थांबत जातो, एसी बंद. त्या अटींमध्ये तो आकडा खरा आहे. तुमच्या अटी वेगळ्या आहेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १२० ला गेलात की तो सव्वादोन पट होतो. पेट्रोल गाडीलाही होतो, फक्त तिथे टाकी पाच मिनिटांत भरते म्हणून कोणी मोजत नाही.

ह्यात थोडी सुधारणा झालीय हे मान्य करा. २०२० साली पहिली नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा फक्त ३१२ हा एकच आकडा होता. २०२४ ला ४५ युनिटची आली तेव्हा चाचणीचा आकडा ४८९, पण टाटांनी सोबत ‘सी-७५’ म्हणून ३५० ते ३७० पण सांगितला. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना एवढी तरी मिळावी. सगळ्याच कंपन्यांनी हे सक्तीने छापलं पाहिजे.

घाटाचा हिशेब पण करून ठेवा. माणसांसकट १७०० किलोची गाडी ६०० मीटर वर चढवायला पावणेतीन युनिट नुसती उंचीलाच लागतात, मोटर वगैरेचं नुकसान धरून तीनच्या वर. चाळीसच्या बॅटरीत हे ८ टक्के झाले. उतरताना दोनेक युनिट परत मिळतात, पण बॅटरी १०० टक्के भरून घाट उतरायला लागलात तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते.

खंबाटकी:
येताना कुंभार्ली घाट चढताना माझी बॅटरी २२ टक्क्यांवरून एकदम १४ वर आली, दोन वळणांत. त्याचं काय? बायकोला रडू फुटायचं बाकी होतं.

रोलरटेस्ट:
एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे किती उरलंय ते गाडीला नीट कळत नाही. तुम्ही बरेच दिवस ८० टक्केच चार्ज करून काढत असाल. ठरावीक दिवसांनी एकदा पूर्ण १०० करून थोडा वेळ तशीच लावून ठेवा, अंदाज सुधारतो.

सीएनजी_सुखी:
खर्चावर कोणी बोलत नाहीये म्हणून बोलतो. हायवेला फास्ट चार्जर २२ रुपये युनिट, वर १८ टक्के जीएसटी, झाले २६. १०० ने चालवलीत तर किमीला १६० वॅट-अवर (०.१६ युनिट) जातात, म्हणजे सव्वाचार रुपये. माझी सीएनजी नव्वद रुपये किलो, पंचवीसचं अ‍ॅव्हरेज, साडेतीन रुपये. गाडी तुमच्यापेक्षा चार लाखांनी स्वस्त. गाडीवर ५ टक्के जीएसटी आणि चार्जिंगवर १८, हा कुठला न्याय? सीएनजीच्या रांगेबद्दल कोणी बोलायच्या आधी मीच सांगतो, हो, रांग असते, वीस मिनिटं.

स्टिल्ट_नंबर_सात:
तुमची रेंजची भांडणं वाचून मला हेवा वाटतोय. मला तर चार्जिंगच करता येत नाही. गाडी घेऊन चौदा महिने झाले, सोसायटी एनओसी देत नाही. माझं स्वतःचं मीटर, स्वतःची केबल, स्वतःचा खर्च, मीटर रूमपासून माझ्या जागेपर्यंत जेमतेम १८ मीटर. कमिटी म्हणते आग लागेल. रात्री अकराला मी दोन किमी लांब सार्वजनिक चार्जरला जातो, गाडी लावतो, आणि चालत घरी येतो. बारा-साडेबाराला परत चालत जाऊन आणतो. बायको म्हणते हे काय वॉचमनसारखं चालवलंय. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत, घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करता येते. कमिटीतल्या एकाने तरी त्या वाचल्यात का?

नाइलाजाने_सचिव:
मी दुसऱ्या एका सोसायटीचा सचिव आहे, तरी अंगाला लागलं. आमच्या ४८ फ्लॅटची वायरिंग १९९८ ची आहे. आज एकाला परवानगी दिली की उद्या वीस जण येणार, प्रत्येकाला ७.२ किलोवॅटचा चार्जर हवा, म्हणजे १४४ किलोवॅट. कुठून आणायचे? ट्रान्सफॉर्मर उडाला की रात्री दोनला दार माझं वाजतं, मंत्रालयाचं नाही. ह्या पदाला मला एक रुपया मिळत नाही. शिवाय तुमच्या सात नंबरच्या पार्किंगवर तुमचा हक्क कसला, वाटपाचं पत्र आहे का?

स्टिल्ट_नंबर_सात:
बिल्डरला तीन लाख मोजलेत २०१२ ला!

नाइलाजाने_सचिव:
मग ते बिल्डरकडे मागा. २०१० सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालचं, खांबांमधलं) हा सामायिक भाग, बिल्डर ते फ्लॅटसारखं वेगळं विकू शकत नाही. वाटप करायचा अधिकार सोसायटीचा. तुम्ही तीन लाख दिलेत ते कायद्याने जे विकताच येत नाही त्याचे दिलेत.

स्टिल्ट_नंबर_सात:
म्हणजे बिल्डरने लुबाडलं ते लुबाडलं आणि वर तुम्ही मलाच शिकवणार? बारा वर्षं त्या जागेचा मेंटेनन्स घेताना कोणाला हा निकाल आठवला नाही. गाडीला वायर लावायची म्हटल्यावर बरा आठवला. तुमच्यासारखे सचिव असले की माणसाने फ्लॅट विकून बंगलाच बघावा.

ठाणेकरीण:
आमच्याकडे याच्या उलट. कमिटीच्या तिघांनीच कॉमन मीटरवरून पॉइंट घेतले आणि बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये. माझ्याकडे गाडीच नाही, मी का भरू? आणि व्हिजिटर पार्किंगमध्ये रात्रभर लावून ठेवतात ते वेगळंच.

वायरताई:
मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, असे पॉइंट बसवणं हे माझं रोजचं काम. दोघंही ओरडताय, पण लोडचा हिशेब कोणी केलेला नाही.

रोजचे ३० किमी म्हणजे साडेचार युनिट. ३.३ किलोवॅटच्या साध्या पॉइंटवर हे दीड तासाचं काम. ७.२ कशाला हवाय शहरात? वीस गाड्या गुणिले ३.३ म्हणजे ६६ किलोवॅट, आणि रात्री दोन पाळ्यांत विभागल्या तर ३३. सचिवांच्या १४४ पासून आपण इथवर आलो. मंजूर भार वाढवून घ्यायचा, केबल तांब्याची, पाइपातून, प्रत्येक पॉइंटला वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच). आग लागलेल्या ज्या दोन जागा मी स्वतः पाहिल्या त्या गाडीमुळे नव्हत्या, खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डमुळे होत्या. परवानगी नाकारली की लोक तेच करतात, सचिवसाहेब, हे लक्षात घ्या.

खंबाटकी, तुमचा लाल दिवा अर्थिंगचा. गावच्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं पण वरच्या मोठ्या पिनेला मागे वायरच नसते. जांभ्याच्या जमिनीत ओल धरत नाही, त्यामुळे जुनं अर्थिंग असलं तरी कमकुवत. विहिरीजवळ किंवा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ खोल खड्डा घ्या, कोळसा-मीठ घालून पट्टी गाडा, उन्हाळ्यात पाणी ओतत राहा. चार्जरला लबाडीने अर्थ दाखवणारी पिन बाजारात मिळते, ती घेऊ नका, आई-वडील अनवाणी वावरतात त्या घरात.

संत्रानगरी:
भाऊ, तुमचं पुणं-कोकण ठीक आहे, आमच्याकडे मे मध्ये ४५ च्या वर पारा असतो. समृद्धी ७०१ किलोमीटर, १२० ची मर्यादा, सरळसोट रस्ता, पाय आपोआप खाली जातो. मी नागपूरहून निघून १२० धरला, ४५ युनिटची बॅटरी २३० ला आटोपली. परतताना ९५ ला धरली तर तीनशेच्या वर गेली. फक्त ट्रकवाले मागून हॉर्न देतात ते ऐकायची तयारी पाहिजे. माझी तक्रार एकच, चार्जर असतो तिथे संडास नसतो आणि संडास असतो तिथे चार्जर बंद. लेकरं घेऊन जाणाऱ्याने काय करावं?

बिलवही:
पंपाला_रामराम काका, किलोमीटरला एक रुपया म्हणालात ते तपासून घ्या. गाडी यायच्या आधीचं आणि नंतरचं बिल मी शेजारी ठेवलं. महावितरणचे १०० युनिटचे, ३०० युनिटचे टप्पे असतात, पुढच्या टप्प्याला दर जास्त. आमचं घर १८० युनिट वापरायचं, गाडीचे १९० धरून ३७० झालं, म्हणजे गाडीची वीज सगळी महागड्या टप्प्यात गेली. बिल वाढलं २६०० रुपयांनी. महिन्याला १२०० किमी धरा, सव्वादोन रुपये पडले. पेट्रोलच्या सातपेक्षा खूपच कमी, पण एक रुपया नाही.

पंपाला_रामराम:
माझ्या छतावर ३ किलोवॅटचं सोलर आहे. केंद्राचं ७८ हजार अनुदान मिळालं होतं. म्हणून एक रुपयाच्या आत.

बिलवही:
मग ते कालच्या लेखात लिहायला हवं होतं काका. फ्लॅटमधला माणूस छत कुठून आणेल?

पंपाला_रामराम:
बरं. स्वतःचं घर, स्वतःचं छत आणि दाराशी पार्किंग हे तिन्ही माझ्याकडे आहे, आणि ते मी लिहिलं नाही, एवढं मान्य. हिशेब येत नाही म्हणालो तो शब्दही मागे घेतो. पण गाडी वाईट नाही ह्यावर मी ठाम आहे आणि खंबाटकींनीही तेच लिहिलंय. सीएनजीवाल्यांच्या गणितात घरचं चार्जिंग येतच नाही, त्यांनी ते परत करावं.

सीएनजी_सुखी:
घरी पॉइंट असेल तर तुमचं बरोबर. माझ्याकडे नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गाडी रस्त्यावर उभी असते.

खंबाटकी:
वायरताई, दादाला फोन केला आत्ताच. न्हाणीच्या मागे खड्डा घ्यायला सांगितलंय, पट्टी पुण्याहून मी घेऊन जाईन. फोटो टाकतो, खोली बघून सांगा. या वेळी आईला घेऊन रात्रीच निघणार आणि वाटेत जेवायची वेळच येऊ देणार नाही.

नाइलाजाने_सचिव:
वायरताई, ३३ किलोवॅटचा हिशेब पाळ्यांसकट मांडून इथे टाकाल का? येत्या मासिक सभेत विषय घेतो. मंजूर होईलच असं नाही, आमच्याकडे दोघं जण कशालाच हो म्हणत नाहीत.

स्टिल्ट_नंबर_सात:
मलाही द्या तो कागद ताई. आमच्या कमिटीला लेखी देतो आणि पोच घेतो. आणि सचिवसाहेब, फ्लॅट विकण्याचं बोललो ते रागात. पण मेंटेनन्सच्या पावत्या मी जपून ठेवल्यात.