आईच्या वेणीची नक्कल ५४९ रुपयांना विकली जातेय. कायद्यात आमच्या हातात नेमकं काय आहे?

वेणी_सुभाषनगर

नमस्कार. मी कोल्हापूरची. सुभाषनगरात आमचं घर आणि घरातच काम. आबा चपला करतात, आजोबाही करायचे. कातडं कापणं, तळ ठोकणं, वादीनं शिवणं आबांचं. पट्ट्यावरची वेणी आईची. गल्लीत बहुतेक घरांत असंच आहे. रापी-आरी पुरुषांच्या हातात, वेणी आणि गोंडे बायकांच्या.

दोन वर्षांपूर्वी आईनं एक नवी वेणी बसवली. शेळीच्या पातळ कातड्याच्या सात वाद्या, त्यातली मधली बिनरंगाची, आणि ती ठरावीक वेढ्यांनंतर वर येते. लांबून बघितलं तर ज्वारीच्या कणसासारखं दिसतं, म्हणून घरात आम्ही तिला 'कणीस'च म्हणतो. एका जोडाच्या वेणीला आईचे तीन तास जातात, डोळ्यांतून पाणी येतं ते वेगळं. गेल्या दिवाळीआधी मी इन्स्टावर फोटो टाकले. जोड १,९०० रुपये. साठेक जोड गेले, आमच्यासाठी ते खूप होते.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका गिऱ्हाईक ताईंनी लिंक पाठवली, "हे तुमचंच का?" फोटो आमचाच होता. सोप्यातली फरशी आमची, कडेला आईच्या हिरव्या बांगड्या दिसतात. खाली 'अस्सल कोल्हापुरी', किंमत ५४९, विकणारा परराज्यातला. मी एक जोड मागवला. आला तो रेक्झिनचा, तळ रबराचा, आणि कणीस मशीननं दाबून उमटवलेलं. आईनं तो उजेडात धरला, नखानं ठसा खरवडला आणि म्हणाली, "ह्यात विणलंय कुठं?" त्या दिवशी ती परत वेणीला बसली नाही.

मला विचारायचं आहे ते असं. कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क), मिळून इतकी वर्षं झाली, मग हा माणूस ते नाव कसं लावतो? आईची वेणी डिझाइन म्हणून नोंदवता येईल का? आणि प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या त्या वेळी एवढा गाजावाजा झाला, त्यातून आमच्यासारख्या घराला काही धडा आहे का?

आणखी एक. आबा म्हणतात, नोंदवूच नको. "उद्या शेजारच्या वहिनींनी कणीस घातलं तर त्यांना नोटीस धाडणार का? मी चपलेचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, कापायला दुसऱ्याच्या दारात बसून शिकलोय." मला त्यांचं पटतं. मग तो ठसा आठवतो आणि पटत नाही.

बावडा_कोर्ट

ताई, मी वकिली करतो, याच विषयात थोडं काम आहे. फोटोपासून सुरुवात करा, तिथं तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे. फोटो काढला त्या क्षणापासून काढणाऱ्याचा कॉपीराइट. १९५७ चा कायदा आहे, नोंदणीची गरज नाही. तुमची मूळ फाइल, इन्स्टावरची तारीख आणि त्यांची लिंक जोडून त्या विक्री-संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करा. २०१३ च्या नियमांप्रमाणे तक्रार पोचल्यापासून ३६ तासांत त्यांनी तो फोटो उतरवायचा असतो. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चढवू शकतात, पण माझ्या अनुभवात चोरीच्या फोटोसाठी तेवढी धडपड कुणी करत नाही.

आता जीआय. इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. जीआय नावाचं राखण करतं, आकाराचं नाही. 'कोल्हापुरी चप्पल' ही २०१९ ची नोंद महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर मिळून आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट, असे आठ जिल्हे. या आठांच्या बाहेर रेक्झिनवर ठसा मारून तो 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून विकणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो, मात्र आधी जीआय रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. दिवाणी दावा जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे कसबा बावड्याला. पण दावा लावायचा हक्क नोंदणीधारकाला किंवा नोंदलेल्या 'अधिकृत वापरकर्त्या'ला. तुमच्या घरात कुणाची तशी नोंद आहे का? नसेल तर आधी ते. फॉर्म जीआय-३, चेन्नईच्या रजिस्ट्रीत. फी नाममात्र आहे.

वेणीबद्दल वाईट बातमी आहे. २००० च्या डिझाइन कायद्यात नवं डिझाइन दहा वर्षांसाठी नोंदवता येतं, पुढं पाच वाढवून मिळतात. पण अर्जाआधी ते लोकांसमोर आलेलं नसावं. तुम्ही ते दिवाळीआधी स्वतःच इन्स्टावर टाकलंत, त्यामुळं कणसाचा दरवाजा बंद झाला. फसवून फोडलेलं किंवा आधी कळवून सरकारमान्य प्रदर्शनात मांडलेलं असे थोडे अपवाद आहेत, तुमचं त्यात बसत नाही. मला हे सांगताना खरंच वाईट वाटतंय.

प्राडाचं म्हणाल तर जून २०२५ मध्ये मिलानला त्यांनी तशाच सँडल दाखवल्या, पण 'कोल्हापुरी' म्हटलं नाही, 'लेदर सँडल' म्हटलं. नावच वापरलं नाही तर जीआयची पकड कुठं बसणार? शिवाय आपली नोंद भारतापुरती. युरोपात हस्तकलेच्या वस्तूंना जीआय देणारा नियमच १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली, कारण याचिका करणारे नोंदणीधारक नव्हते. प्राडानं प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं मान्य केलं आणि डिसेंबरात दोन्ही महामंडळांशी करार झाला, २,००० जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरो. हे कोर्टानं करवून घेतलेलं नाही, लोक बोलले म्हणून झालं. धडा विचारलात म्हणून सांगतो: नाव ज्यांच्याकडे नोंदलंय त्यांनाच कोर्ट ऐकतं, म्हणून नोंदीत आपण असायला पाहिजे.

जुनी_रापी

पोरी, मी ६८ वर्साचा. नातू टाइप करतोय, मी सांगतोय. तुज्या आबांचं बरोबर हाय आन तुजं बी बरोबर हाय. कापशी चप्पल कापशी गावाच्या नावानं वळकली जाती, पर आज ती करणारे कापशीतच हायत का? गावोगाव करत्यात. कुणी कुणाला अडवलं न्हाई म्हणून ती टिकली. पर तवा शिकणारा दारात यायचा. वर्स-वर्स बसायचा. चामडं भिजवायचा, झाडायचा, शिव्या खायाचा. मग त्याला कान कापाय मिळायचा.

शेजारीण तुज्या आईचं कणीस घालंल तर तीन तास बसून घालंल, तिला त्याची मजुरी सुटंल, तिचं घर चालंल. त्या मशीनच्या ठश्यानं कुणाला काम दिलं? ह्यो फरक तुज्या कायद्यात बसतोय का, ते त्या वकीलसायबांना इचार.

महाद्वार_दुकान

माझं चप्पल विक्रीचं दुकान आहे, म्हणून थोडं कडू लिहितो. फसवणूक फक्त परराज्यातून येत नाही. यात्रेच्या दिवसांत आपल्याच गावात रेक्झिनचे जोड 'कोल्हापुरी' म्हणून विकले जाताना मी रोज बघतो. अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेला माणूस घाईत असतो, तो कातड्याचा वास घेऊन बघत नाही. दीड वर्षापासून मी बिलावर लिहितो: तळ कुठल्या कातड्याचा, कुठल्या घरात झाला. सुरुवातीला गिऱ्हाईक वाचायचं नाही, आता कुणी कुणी त्याच घरचा जोड परत मागतं. महामंडळाचे क्यूआर कोडवाले जोड आलेत, ते ठेवायला लागलोय. तुमच्या कणसाचे चार जोड मला पाठवा. बिलावर 'वेणी हाताची' असं लिहून ठेवीन.

वेणी_सुभाषनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_रापी काका, तुमचं आबांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते.

बावडा_कोर्ट दादा, जीआय-३ चा फॉर्म काढला. कारागीर म्हणून आबांचं नाव लिहायला घेतलं तेव्हा आई भाकरी थापत होती. काही बोलली नाही. पण माझाच हात थांबला. ज्या वेणीसाठी मी हा धागा सुरू केला ती तिची, आणि कागदावर ती कुठंच नाही. बचत गटाच्या वहीत तिचा व्यवसाय 'घरकाम' लिहिलाय. एकाच घरातून दोघांना नोंद करता येते का? आणि ही नोंद पुढं कुणी विकत घेऊ शकतं का? आबांना तीच भीती आहे.

बावडा_कोर्ट

करा, दोघांचे वेगळे अर्ज करा. कायद्यात हस्तकलेचा उत्पादक म्हणजे ती वस्तू करणारा. चप्पल एकट्या तळानं होत नाही. आईंचं शपथपत्र जोडा, काम करतानाचे फोटो द्या, हस्तकला विभागाचं पहचान कार्ड असेल तर त्याची प्रत.

आबांना सांगा, जीआयचा हक्क विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, कुणाला परवान्यानं देताही येत नाही. कलम २४. अधिकृत वापरकर्ता गेला तर त्याचा हक्क वारसाकडे जातो, एवढीच वाट कायद्यानं मोकळी ठेवलीय. शेजारच्या वहिनींनाही असाच अर्ज करता येईल, त्यात तुमचं काही कमी होत नाही. काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे असलेलं उत्तर एवढंच.

डिझाइनची गोष्ट वेगळी. ते एकाच्या मालकीचं असतं आणि मालक म्हणजे ज्यानं ते घडवलं तो. पुढची वेणी कधी बसवली तर फोटो टाकण्याआधी अर्ज, आणि अर्ज आईंच्या नावानं. तो करायचा की नाही हे मात्र तुमच्या घरानं ठरवायचं.

वेणी_सुभाषनगर

कळवायचं राहिलं होतं. फोटोची तक्रार केली, दुसऱ्या दिवशी लिंक गेली. महामंडळालाही पत्र दिलंय, नाव वापरल्याबद्दल, सोबत तो रेक्झिनचा जोड. महाद्वार_दुकान दादा, चार जोड शनिवारी आणून देते.

डिझाइनचं आईलाच विचारलं. ती म्हणाली, कणीस जाऊ दे, ते आता गल्लीचं. शेजारच्या वहिनी तिच्याकडे दुपारी शिकायला बसतात. नवं काहीतरी तिच्या डोक्यात आहे, दोन रंगांचं. त्याचा अर्ज करायचा, असं तीच म्हणाली. मी अजून एकही फोटो काढलेला नाही.

काल दोघांची शपथपत्रं झाली. हे काम किती वर्षांपासून करता, ते त्यात लिहायचं होतं. आबांनी लगेच सांगितलं. आई बोटांवर मोजत बसली. मग म्हणाली, कुरुंदवाडला माहेरी थोरल्या मामीजवळ बसून पहिली वेणी घातली तेव्हा अकरा वर्षांची होते. ४१ वर्षं. तसं लिहिलं.