दिवंगत संग्राहकाच्या लोकगीतांच्या कॅसेटी: सुरुवात कुठून करावी?

रामबाग_इंदूर
इथल्या एका संग्राहकांनी माळव्यात गावोगाव फिरून बायकांकडून संजाची (पितृपक्षात मुली म्हणतात ती) आणि लग्नाची गाणी टेप केली. मराठी घरांतल्या जात्यावरच्या ओव्याही आहेत. ते आता हयात नाहीत. घरच्यांनी पेटी सोपवली आहे, गाणी संगणकावर उतरवायची आहेत. सी-60, सी-90, थोड्या सी-120 (आकडा म्हणजे एकूण मिनिटं). काहींवर बुरशी. मध्ये मध्ये त्यांचं बोलणं येतं, ते कापावं का?

फीतवाला
बुरशी आलेल्या कॅसेटी आधी बाजूला काढा. त्या डेकमध्ये गेल्या की बुरशी हेडवरून (फीत वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या फितीला लागते. सी-120 सर्वांत शेवटी घ्या. तिची फीत जेमतेम 9 मायक्रॉन जाडीची, सी-60ची त्याच्या दुप्पट. म्हणून तीच रोलरला गुंडाळते.

बाकीच्या एकदा टोकापर्यंत पुढे-मागे फिरवून मगच वाजवा. आवाज दबका किंवा तुटक आला तर फितीमागचा फेल्टचा तुकडा निखळलाय का बघा. हेड 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. 70 टक्क्यांच्यात पाणी असतं.

आणि अ‍ॅझिमथ, म्हणजे फितीशी हेडचा कोन! हे बहुतेक जण सोडून देतात. दुसऱ्या यंत्रावर भरलेली फीत तुमच्या हेडशी तिरपी बसते, वरचे स्वर जातात. हेडजवळचा स्प्रिंगचा स्क्रू अगदी किंचित फिरवत मोनोमध्ये (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून) ऐका. मंजिरी (छोटे टाळ) सर्वांत लख्ख वाजेल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करायचं. इथे गेलेलं सॉफ्टवेअरने परत येत नाही.

संगणकावर घेताना 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. स्टिरिओचा तास साधारण 2 जीबी होतो. रेकॉर्डिंगच्या पातळीवर ढोलकीची थाप उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

देवासकर
बोलणं मुळीच कापू नका. "हे कुणाकडून शिकलात, कधी म्हणता?" हे विचारणं हेच तर त्या माणसाचं काम. मूळ फाइलमधला खरखराटही तसाच ठेवा. सफाई करायची ती वेगळ्या प्रतीवर.

प्रत्येक फाइलसोबत गायिका, गाव, प्रसंग, तारीख आणि संग्राहकाचं नाव लिहा. कव्हरवरच्या अक्षराचा फोटो काढा. नुसतं 'माळवी लोकगीत' लिहिलंत तर सगळं मुकं होईल, कारण संजाची गाणी गावागणिक बदलतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रात लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या गायिका आणि गाव यांच्या नोंदीसकट. म्हणून पुढच्या लोकांना त्या बायकांच्या दारापर्यंत पुन्हा जाता आलं.

इंटरनेटवर टाकण्याआधी गायिकांच्या घरी परवानगी मागा. तोवर तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.