एनपीटेल: असाइनमेंटला २५ पैकी २४, तरी परीक्षेत नापास का होतात?

सातपुडा_मेक
मेकॅनिकल, तिसरं वर्ष. गाव चोपडा तालुक्यात, घरी फक्त मोबाइलचं नेट, दिवसाला दीड जीबी. एनपीटेलवर (आयआयटी वगैरे संस्थांचे ऑनलाइन कोर्स) हीट ट्रान्स्फरचा, म्हणजे उष्णता कशी जाते-येते याचा, १२ आठवड्यांचा कोर्स घ्यायचाय, कॉलेज क्रेडिट देणार आहे. असाइनमेंटमध्ये भरपूर गुण असणारेही शेवटच्या परीक्षेत अडकतात, ते कशामुळे? आणि एवढ्याशा डेटात व्हिडिओ कसे बसवायचे?

तापीकाठ
भाऊ, आधी गुणांचा हिशोब बघ. असाइनमेंटला २५, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. १२ पैकी सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंटची सरासरी धरतात. प्रमाणपत्राला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. असाइनमेंटला २४ आणि परीक्षेला २८ पडले तर बेरीज ५२ होते, पण प्रमाणपत्र मिळत नाही.

टेलिग्रामवर दर आठवड्याला उत्तरं फिरतात. ती भरली की २५ च्या बाजूचं काम होतं, ७५ च्या बाजूला हात कोरा राहतो. हीट ट्रान्स्फरमध्ये तर ठरलेल्या जागी चुका होतात. बायो नंबर (वस्तूच्या आतला उष्णतेचा अडथळा भागिले पृष्ठभागावरचा अडथळा) ०.१ पेक्षा कमी आहे का हे न तपासताच लम्प्ड सिस्टिमचं, म्हणजे सगळी वस्तू एकाच तापमानाची धरणारं, सूत्र लावतात. त्यात लांबी म्हणजे घनफळ भागिले पृष्ठफळ, म्हणून गोलासाठी ती त्रिज्येच्या एकतृतीयांश घ्यायची असते, लांब दंडगोलासाठी निम्मी. पोरं सरळ त्रिज्याच टाकतात. रेडिएशनच्या गणितात तापमान केल्विनमध्ये न घेता सेल्सिअसमध्येच चौथा घात करतात. हीट एक्स्चेंजरच्या काउंटर फ्लोमध्ये (गरम आणि थंड प्रवाह उलट दिशांनी) दोन्ही टोकांचा तापमानफरक सारखा आला की एलएमटीडीच्या (लॉगरिदमने काढलेला सरासरी तापमानफरक) सूत्रात शून्य भागिले शून्य येतं आणि तिथेच थांबतात. खरं तर तेव्हा तो फरक हाच एलएमटीडी असतो. ही गणितं वहीवर, एककांसकट, उत्तर न बघता सोडव. दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

पांझरा_ईटीसी
डेटाचं सांगतो. १ एमबीपीएसने तासभर व्हिडिओ चालला की ४५० एमबी जातात. आठवड्याला अडीच तासांची लेक्चरं धरली तर सव्वा जीबीच्या आत भागतं, म्हणजे आठवड्याची लेक्चरं एका दिवसाच्या दीड जीबीत बसतात. डेटा खरा उडतो तो क्वालिटी ऑटोवर ठेवल्याने. ३६० वर ठेव, फळा आणि स्लाइड दोन्ही वाचता येतात. कॉलेजच्या वायफायवर आठवड्याची लेक्चरं उतरवून घेतलीस तर घरी नेट लागायचंच नाही. एनपीटेलच्या साइटवर कोर्सच्या पानावर डाउनलोड्समध्ये लेक्चरची लिखित प्रतही असते, काही कोर्सची मराठीतही. उजळणीला व्हिडिओपेक्षा तीच बरी, शोधायला सोपी.

असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री ११:५९ ची असते. गावाकडे नेमकी तेव्हाच लाइट किंवा टॉवर गेला तर काही करता येत नाही. सोमवारीच एकदा भरून टाक. मुदतीपर्यंत पुन्हा भरता येतं, शेवटचं भरलेलं धरतात.

मेंटॉर_जळगाव
सर्वांसाठी: कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं, पण परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्याची फी एका कोर्सला १००० रुपये. दर सत्रात काही विद्यार्थी सगळ्या असाइनमेंट करूनही हा फॉर्म विसरतात. एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना फीत निम्मी सवलत आहे, दाखला अपलोड करावा लागतो. नंदुरबार, शहादा भागातल्या मुलांनी ती जरूर घ्यावी.

फॉर्म पहिल्या आठवड्यांतच भरा, म्हणजे जवळचं शहर मिळण्याची शक्यता जास्त. सकाळचा पेपर ९ वाजता सुरू होतो. तेव्हा पहिली एसटी कितीला पोचते ते बघूनच शहर निवडा, नाहीतर आदल्या रात्री मुक्कामाची सोय करा.

क्रेडिटचं तोंडी आश्वासन पुरेसं समजू नका. हा कोर्स कोणत्या विषयाच्या बदल्यात आणि किती क्रेडिटला धरणार, हे विभागाकडून नाव नोंदवण्याआधी लेखी घ्या. एनपीटेल १२ आठवड्यांच्या कोर्सला ३ क्रेडिट सुचवतं, ८ ला २. तुमच्या अभ्यासक्रमात तो विषय ४ क्रेडिटचा असेल तर उरलेल्या एकाचं काय, हे निकालानंतर विचारून उपयोग नसतो.

सातपुडा_मेक
लेखी घेतो, सर. गणितं पडताळायला सायलॅब (आकडेमोडीचं मोफत सॉफ्टवेअर) शिकायचंय. मराठीत काही आहे का?

पांझरा_ईटीसी
आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघ, सायलॅबचे भाग मराठी आवाजात आहेत. एकेक भाग साधारण दहा मिनिटांचा. स्क्रीनच्या अर्ध्या भागात व्हिडिओ आणि अर्ध्यात सायलॅब उघडून, ते टाइप करतील तसं आपणही करायचं, अशीच त्याची रचना आहे. त्यामुळे मोबाइलवर नुसतं बघून हाती काही लागत नाही. कॉलेजच्या लॅबमधला पीसी मिळेल तेव्हाच बस. हेडफोन घेऊन जा, लॅबमध्ये स्पीकर नसतात.