दुःख पचवून, गिळून की आवरून?

प्रश्न: क्लिओ लेन या ब्रिटिश जॅझ गायिकेवर लेख लिहितेय (जुलै 2025 मध्ये गेल्या, वय 97). 6 फेब्रुवारी 2010 ला त्यांचे पती, सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारे जॉन डँकवर्थ वारले आणि त्याच संध्याकाळी इंग्लंडमधल्या वेव्हंडन गावी या दोघांनीच 1970 साली घराच्या आवारातल्या तबेल्यात काढलेल्या 'द स्टेबल्स' थिएटरच्या चाळीशीचा कार्यक्रम होता. तो रद्द केला नाही, त्या गायल्या, मुलंही स्टेजवर होती आणि जॉन गेल्याचं लोकांना अगदी शेवटी सांगितलं. मी 'दुःख पचवून गायल्या' लिहिलंय, मैत्रीण म्हणते गिळून कर. काय ठेवू?

उत्तर: पचवून नकोच हो. 'तिनं ते दुःख पचवलं' हे आपण वर्षं लोटल्यावर म्हणतो, इथे तर माणूस त्याच दिवशी गेलाय. गिळून जवळचं आहे पण अपमान गिळला, राग गिळला म्हणजे तो परत बाहेर काढायचा नाही असाच भाव येतो, आणि यांनी तर शेवटी सगळ्यांसमोर सांगितलं. मी 'आवरून' लिहीन. रडू आवरतो ना आपण, म्हणजे ते आत तसंच असतं, फक्त हातातलं काम होईपर्यंत थोपवून धरायचं. लोकांनी गाणं नीट ऐकावं म्हणून त्यांनी तेवढा वेळ आवरून धरलं, किती मोठी गोष्ट आहे ही!

आणखी एक: 'आवरून'ला माझंही मत. पण डँकवर्थना नुसतं 'पती' म्हणून सोडू नका प्लीज, 'साथीदार' घाला. तोही पूर्ण बसत नाही म्हणा, कारण आपल्याकडे साथ म्हणजे पेटीवाला गाणाऱ्याच्या मागून जातो, इथे 1951 मध्ये क्लिओच त्यांच्या बँडमध्ये गायला आल्या, 1958 ला लग्न, नंतर क्लिओंच्या कार्यक्रमांचं संगीत डँकवर्थच बघायचे. क्लिओंचा आवाज आणि डँकवर्थचं वाद्य एकच सुरावट सोबत घेतात, शब्द नाहीत, नुसतं स्कॅट (जॅझमधलं अर्थहीन अक्षरांवरचं गाणं), तेव्हा कोण कुणाची साथ करतंय हे सांगताच येत नाही. जुगलबंदी पण नाही ती, चढाओढ नसते. जवळजवळ 52 वर्षांच्या संसारानंतर 'साथ सुटली' लिहिलंत तर दोन्ही अर्थ येतील.

प्रश्नकर्ती: आवरून केलं, साथ पण घेतली. 'वारले' ठेवू का 'गेले'?

उत्तर: गेले.