मदत हवी आहे : 'द सिम्पसन्स'मधल्या विडंबनांआधी कोणते चित्रपट बघावेत?

मी आणि माझी भाची सध्या 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेचे जुने भाग बघतोय. १९९३ च्या 'रोझबड' या भागात म्हातारा अब्जाधीश मिस्टर बर्न्स लहानपणी दुरावलेल्या बोबो नावाच्या टेडीसाठी झुरतो. त्यात ज्याचं विडंबन आहे तो 'सिटिझन केन' (१९४१) हा चित्रपट आधीच पाहिला होता, म्हणून तो भाग आतून भिडला. १९९३ च्याच, 'केप फिअर' चित्रपटावरच्या भागात खलनायक साइडशो बॉब पुन्हा पुन्हा दाताळ्यावर पाय देतो, तिथे दोघंही पोट धरून हसलो. पण मूळ चित्रपट पाहिलेला नसल्यामुळे बरंच काही निसटलं असणार. तो १९६२ चा बघावा की दिग्दर्शक स्कॉर्सेसीचा १९९१ चा? भाची चौदा वर्षांची आहे, तिला कोणता चालेल? आणि 'द शायनिंग'चं विडंबन मूळ चित्रपट न बघता कळतं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.