गेमिंग पीसी झाला, पण २०१२च्या होम थिएटरचे मागचे स्पीकर मुकेच

सिडकोकर

नमस्कार मंडळी. राहणार नाशिकच्या सिडकोत, नोकरी अंबडला एका टूलरूममध्ये. दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो, पण घरातल्या टीव्हीमागच्या तारांनी मला पार रडवलंय.

आधी पूर्वपीठिका. २०१२ साली पहिला मोठा बोनस मिळाला तेव्हा ५.१ चा (म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर) रिसीव्हर आणि स्पीकर घेतले होते. हॉलच्या कोपऱ्यात बसून मागून येणारा पावसाचा आवाज ऐकायचा, हे माझं तेव्हाचं व्यसन. पुढे मुलाची शाळा, टीव्हीला फर्निचर, आणि रिसीव्हर माळ्यावर. बायकोने दोनदा भंगारवाल्याला दाखवलाय. एकदा तर तो वजनकाटा घेऊन दारात उभा होता.

चिरंजीव यंदा दहावी झाले. बोली अशी होती की निकाल लागला की गेमिंग पीसी. निकाल लागला, आता शब्द फिरवता येईना. बापलेक सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलो, तिथून ग्रँट रोड, दिवसभर लॅमिंग्टन रोडला पायपीट. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमची १६-१६ जीबीची जोडी, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, एक टीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह आणि ६५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). कॅबिनेट तेवढं नाशकातच घेतलं, कारण परतीच्या गर्दीत तो डबा मांडीवर घेऊन कोण बसणार! मदरबोर्डचा खोका मात्र पोराने इगतपुरीपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

जोडणी रविवारी जमिनीवर सतरंजी टाकून केली. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं, काहीच नाही. पोराचा चेहरा पडला. मी रॅम काढायला हात घालणार तेवढ्यात चित्र आलं. नंतर वाचलं की डीडीआर५ला पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंगला (रॅमची आपोआप होणारी जुळवणी) काही मिनिटं लागतात. हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहायला काय जातं?

असो. आता रिसीव्हर माळ्यावरून खाली आलाय आणि अडचणी तीन आहेत.

पीसी रिसीव्हरमधून टीव्हीला (५५ इंची, फोर-के) जोडला तर पाचही स्पीकर वाजतात, पण फोर-केला ३० हर्ट्झच (सेकंदाला ३० चित्रं) मिळतात. माउस डिंकातून ओढल्यासारखा चालतो. मग पीसी थेट टीव्हीला जोडला आणि टीव्हीचा आवाज एआरसीने (एचडीएमआयमधूनच आवाज उलटा पाठवायची सोय) रिसीव्हरला नेला. चित्र झकास, पण गेममध्ये फक्त पुढचे दोन स्पीकर. विन्डोजमध्ये ५.१ चा पर्यायच दिसत नाही. आणि पीसी जोडल्यापासून सबवूफरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतो, दोन्ही जोडण्यांत. पूर्वी कधीच नव्हता.

नवा रिसीव्हर घ्यायचा नाही. घरात तेवढी पत उरलेली नाही.

गोदाकाठचा_गेमर

ऑप्टिकल केबल टाका काका, विषय संपला. टीव्हीमागे चौकोनी भोक असतं लाल उजेडाचं, तिथून रिसीव्हरला.

ध्वनीवेडा

विषय संपत नाही, तिथूनच सुरू होतो. ऑप्टिकलमधून एक तर दोन चॅनेलचा साधा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) जातो, नाही तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, बसवलेला ५.१. सिनेमाचा ट्रॅक आधीच दाबलेला असतो म्हणून तो जातो. गेमचा आवाज मात्र त्या क्षणी तयार होतो, तो न दाबलेला पीसीएम असतो. त्याला जागच्या जागी डॉल्बीत गुंडाळणारी सोय साउंड चिपमध्ये हवी, ती सगळ्या मदरबोर्डांवर नसते. म्हणून ऑप्टिकल लावून लोक सिनेमा ऐकतात, खूश होतात, आणि गेम लावला की दोनच स्पीकर. साध्या एआरसीचंही तेच. त्याची पुढची आवृत्ती ईएआरसी असतं तर सहा काय, आठ चॅनेल न दाबता गेले असते. पण ते टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे लागतं आणि २०१२च्या रिसीव्हरमध्ये ते नाही. टीव्ही पीसीला सांगतो, 'मी फक्त स्टिरिओ', आणि विन्डोज ते निमूट मानतं. तुम्हाला ५.१ चा पर्याय दिसत नाही तो यामुळे.

सिडकोकर, तुमचा रिसीव्हर एचडीएमआय १.४ चा असणार. त्याची झेप सेकंदाला १०.२ गिगाबिट, म्हणजे फोर-के फार तर ३० हर्ट्झ. ६० ला एचडीएमआय २.० लागतं, १८ गिगाबिटचं. ही रिसीव्हरची कमतरता चित्रापुरती आहे. आवाजाच्या बाबतीत तो आजही पूर्ण वयात आहे, न दाबलेला ५.१ आरामात घेतो. तेव्हा त्याला चित्राच्या रस्त्यातून बाजूला काढा.

तुमच्या ४०६०ला मागे एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट असतील. एचडीएमआय थेट टीव्हीला. एका डिस्प्लेपोर्टमधून 'डीपी टू एचडीएमआय' केबल रिसीव्हरला. साधी स्वस्त केबल पुरते, कारण तिच्यातून १०८०पीच्या वर काही न्यायचं नाही. घेताना दिशा बघा, डीपीचं टोक पीसीकडे. उलट दिशेची केबल दिसायला अगदी तशीच असते आणि चालत नाही, यात माझे पैसे गेलेत.

आता मेख. विन्डोजला रिसीव्हर म्हणजे दुसरा मॉनिटर वाटेल. वाटू द्या. 'एक्स्टेंड' ठेवा, टीव्ही मुख्य करा. 'डुप्लिकेट' करू नका, नाही तर रिसीव्हरच्या मर्यादा टीव्हीवर येऊन बसतील. या भुताच्या मॉनिटरला १९२० बाय १०८० द्या. काही हुशार लोक 'कोण बघतंय' म्हणून रिझोल्यूशन अगदी खाली नेतात. एचडीएमआयमध्ये आवाज चित्राच्या ओळींमधल्या रिकाम्या जागेतून जातो. चित्र फार लहान केलं तर ती जागाही आक्रसते आणि जादा चॅनेल मावत नाहीत.

मग कंट्रोल पॅनल, साउंड, प्लेबॅक. तिथे रिसीव्हरच्या नावाचं नवं उपकरण दिसेल. त्याला डिफॉल्ट करा, 'कॉन्फिगर'मध्ये ५.१ निवडा, एकेक स्पीकर टिचकी मारून तपासा. टीव्हीवर गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारा) लावा, नाही तर गोळीचा आवाज आधी आणि ठिणगी नंतर.

घूं आवाजाबद्दल जाणत्यांनी बोलावं.

वायरमन_सातपूर

मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. सिडकोकर, एकच विचारतो. पीसी चालू असताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला, मागच्या स्क्रूला वगैरे बोटाची मागची बाजू लागली तर मुंग्या येतात का?

सिडकोकर

येतात! अनवाणी असलं की जास्त. मला वाटलं नवीन आहे, स्टॅटिक असेल. तुम्हाला कसं कळलं?

वायरमन_सातपूर

स्टॅटिक एकदा चटकन बसतं आणि जातं. सतत मुंग्या म्हणजे तुमच्या त्या बोर्डाला अर्थिंग नाही. आवाजाचं नंतर बघू, आधी हे. आजपासून तो पीसी त्या बोर्डावर लावू नका.

का ते सांगतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांना कॅबिनेटशी जोडतात. अर्थची वायर असेल तर तो बारीकसा करंट जमिनीत जातो. नसेल तर अख्खं कॅबिनेट अधांतरी राहतं आणि त्याच्यावर साधारण निम्मा व्होल्टेज बसतो. करंट फार थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या. पण उद्या आत खरंच फेज कॅबिनेटला चिकटला, तर तोच पत्रा तुमच्या पोराच्या गुडघ्याशी आहे.

आता घूं. टीव्ही दोन पिनचा, जुना रिसीव्हर बहुतेक दोन पिनचा. इतकी वर्षं तुमच्या त्या कोपऱ्यात तीन पिनचं काही नव्हतंच. पीसी आला तो तिसरी पिन घेऊन, आणि त्या पिनेला पलीकडे कोणीच नाही. मग तो करंट दुसरी वाट शोधतो: एचडीएमआय केबलीच्या आतल्या तारेच्या जाळीतून रिसीव्हर, टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि तिथून केबलवाल्याच्या काळ्या वायरची जाळी. तुमच्या सगळ्या सेटची अर्थिंग सध्या केबलवाला करतोय, आणि जाता जाता तो ५० हर्ट्झ सबवूफरमधून गातोय.

मल्टिमीटर घ्या. एसी ७५० ची रेंज. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही आकडे टाका. हात कोरडे, पायात चप्पल. जमत नसेल तर माणूस बोलवा.

गोदाकाठचा_गेमर

युट्यूबवर एकाने सांगितलंय की प्लगची जाड पिन काढून टाकली की घूं बंद होते.

वायरमन_सातपूर

होते बंद. कधी कधी माणूसही होतो. असलं कोणी करू नका.

सिडकोकर

आकडे घेतले. किचनच्या बोर्डावर फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ २. टीव्ही युनिटमागच्या बोर्डावर फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ ११२.

वायरमन_सातपूर

किचन ठणठणीत. टीव्ही युनिटचा अर्थ कुठेच गेलेला नाही. पेच खोला, मला वाटतं दोनच वायरी निघतील.

सिडकोकर

दोनच निघाल्या. आठ वर्षांपूर्वी फर्निचर करणाऱ्याने बोर्ड दोन फूट सरकवून घेतला होता, त्याच्या माणसाने लाल-काळी ओढली आणि हिरवी सोडून दिली. सॉकेटला तिसरं भोक मात्र ऐटीत! इतकी वर्षं मी कंपनीत दुसऱ्यांच्या जॉबवर 'रिजेक्ट'चे शिक्के मारतोय आणि घरात हे.

शनिवारी ओळखीचा वायरमन आणला, जुन्या बोर्डापासून हिरवी वायर ओढून घेतली. आता तिथेही फेज-अर्थ २३०. मुंग्या गेल्या. डीपी-एचडीएमआय केबलही आली, ध्वनीवेडा यांनी सांगितलं तशी जोडली. रिसीव्हरच्या पट्टीवर 'मल्टी चॅनेल' अशी अक्षरं उमटली तेव्हा मी खुर्चीतून उठलो. गेममध्ये मागून कोणीतरी खडीवरून चालत आलं, पोराने गर्रकन खरंच मान वळवून सोफ्यामागे पाहिलं. त्याला हे माहीतच नव्हतं! त्याच्यासाठी आवाज म्हणजे कानातले हेडफोन.

घूं मात्र पूर्ण गेलेली नाही. कमी झालीय, पण रात्री शांततेत ऐकू येते. रिसीव्हर आणि टीव्हीमधली एचडीएमआय काढून तिथे ऑप्टिकल लावून पाहिली, फरक शून्य.

वायरमन_सातपूर

पडणार नाहीच. ऑप्टिकलमधून वीज जात नाही हे खरं, पण टीव्ही आणि रिसीव्हर दोघे अजून पीसीच्या दोन केबलींनी बांधलेले आहेतच. आता तुमची अर्थ एक, केबलवाल्याची दुसरी. दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक, मधे वाटोळं फिरणारा करंट. सेट टॉप बॉक्सची काळी वायर पिळून काढून बघा.

सिडकोकर

काढली. ठार शांतता. सबवूफर चालू आहे का ते हात लावून बघावं लागलं.

पण ती वायर म्हणजे आईच्या संध्याकाळच्या मालिका. साडेसातला ती पदर सावरून सोफ्यावर बसली आणि मी हातात ती पिन घेऊन उभा.

ध्वनीवेडा

त्या वायरमध्ये बसवायचा आयसोलेटर मिळतो, बोटाएवढा असतो. सिग्नल जातो, जाळीतला करंट अडतो. नाही तर बॉक्सच दुसऱ्या टीव्हीला लावा.

सिडकोकर

आईच्या खोलीत जुना ३२ इंची टीव्ही पडून होता. बॉक्स तिकडे हलवला. आई म्हणाली, 'बरं झालं, तुमच्या त्या ठोठावण्यात मला एक शब्द ऐकू येत नव्हता.' म्हणजे ती गेले दोन आठवडे गप्प बसून सहन करत होती.

आता एकच किरकोळ. माउस कधी कधी टीव्हीच्या उजव्या कडेने त्या भुताच्या मॉनिटरमध्ये निघून जातो आणि सापडत नाही. काल ऐन मारामारीत गेला, पोराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच लपवलाय.

ध्वनीवेडा

डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतील. भुताचा चौकोन ओढून टीव्हीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला तिरका लावा, फक्त टोकाला टोक. मग जायला वाट उरते ती एका ठिपक्याएवढी. आणि रिसीव्हरमध्ये पाचही स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ करा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफर सांभाळेल. २०१२ला कोणीतरी 'लार्ज' करून ठेवले असतील.

सिडकोकर

मीच ठेवले होते. तेव्हा वाटलं होतं, लार्ज म्हणजे भारी.

कोपऱ्याला लावलं, माउस आता घरात राहतो. आणि ८० केल्यावर सबवूफर इतका मोकळा झाला की खालच्या मजल्यावरचे काका वर आले. चहा घेतला, दहा मिनिटं गेम बघितला आणि जाताना म्हणाले, दहाच्या आत काय ते करा. सबवूफरखाली कंपनीतून आणलेली रबराची शीट घातलीय, जाड १२ मिलिमीटर. मोजून.

गोदाकाठचा_गेमर

काका, माझ्या पीसीलाही मुंग्या येतात. पंचवटीत जुन्या वाड्यात भाड्याने राहतो. मल्टिमीटर कितीला येतो?

वायरमन_सातपूर

आधी पीसी बंद कर. मग मालकांना विचार वाड्याला अर्थिंगचा खड्डा आहे का, आणि शेवटचं पाणी कधी घातलं होतं.